गावची जमीन: ‘विकायची की ठेवायची’ या पेचातून बाहेर पडायचं कसं

वडील गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत बऱ्याच घरांत हा विषय निघतो. फराळ झालेला असतो, पोरं अंगणात असतात, आणि कोणीतरी घसा खाकरून म्हणतं, “मग जमिनीचं काय करायचं?” पाच मिनिटांत घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कसायला कोणी नाही, विकून मोकळे होऊ. दुसरा म्हणतो, बापजाद्यांची जमीन विकून खायची नसते. पुढचे दोन तास हीच दोन वाक्यं आळीपाळीनं, चढत्या आवाजात.

आमच्याकडेही तेच झालं. खटाव तालुक्यात दोन गट मिळून सव्वापाच एकर. एक विहिरीवरचा मळा, दुसरं माळरान. वारस चौघं: आई, थोरला भाऊ, बहीण आणि मी. आम्ही जे केलं तेच तुम्ही करावं असं मुळीच नाही. पण ‘विकायची की ठेवायची’ हा प्रश्न जसाच्या तसा सोडवायला बसू नका, एवढं मात्र ठामपणे सांगतो. त्या एका ‘की’त सहा-सात वेगळे प्रश्न कोंबलेले असतात. ते सुटे केले की निम्मं भांडण तिथंच संपतं. सातबाऱ्यावर ज्यांचं नाव पहिल्यांदाच लागणार आहे त्यांच्यासाठी हा क्रम लिहितोय. कायद्याचं जे लिहिलंय ते महाराष्ट्रापुरतं, आणि सही करण्याआधी तालुक्याच्या ठिकाणच्या महसुली कामाच्या वकिलाला दाखवायचंच.

आधी हे जमवा

- प्रत्येक गटाचा सातबारा. डिजिटल सहीचा उतारा राज्य सरकारच्या ‘महाभूमी’ संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो आणि सरकारी कामाला चालतो.
- ८अ, म्हणजे खात्यावरची सगळी जमीन एका कागदावर. विसरलेला एखादा तुकडा इथंच सापडतो.
- फेरफार उतारे, म्हणजे उताऱ्यावरची नावं कधी आणि कशी बदलली त्याच्या नोंदी, निदान वडिलांचं नाव लागलं तेव्हापासूनचे.
- गटाचा नकाशा. पूर्वी सरकारी मोजणी झाली असेल तर तिची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा हद्दी दाखवणारा नकाशा.
- मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची आधार कार्डं.
- गावच्या विकास सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज असेल तर बाकी किती, नसेल तर बेबाकीचा दाखला.
- एक शंभर पानी वही. मोबाईलमधल्या नोंदी नकोत. वही सगळ्यांच्या हातून फिरते, मोबाईल फिरत नाही.

१. मत मांडायच्या आधी उतारा वाचा

जमिनीवरून तावातावानं बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सातबारा शेवटचा कधी वाचला होता ते विचारा. वरचा भाग, गाव नमुना सात, मालकी आणि हक्क सांगतो. खालचा, गाव नमुना बारा, पिकं सांगतो. तीन गोष्टी बघा.

पहिली, भोगवटादार वर्ग, म्हणजे जमीन कोणत्या अटींवर तुमच्याकडे आहे ते. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही, म्हणजे ‘विकून मोकळे होऊ’ हा पर्याय आज तुमच्या हातातच नाही. दुसरी, ‘इतर हक्क’ हा रकाना. सोसायटीचा बोजा (कर्ज), विहिरीतला हिस्सा, एखाद्या कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसून कायद्यानं हक्क लागलेल्याचं) नाव, सगळं तिथं दबा धरून बसलेलं असतं. तिसरी, नावं. आजोबांचं नाव अजून असेल तर आधी वारस नोंद. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात) किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात.

बहिणींची नावं लागणार, याची खूणगाठ आत्ताच बांधा. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याचीही अट नाही. भाऊबीजेच्या ताटात हक्कसोडपत्र ठेवायची जी रीत अजून चालू आहे, तिच्याबद्दल मला काय वाटतं ते इथं लिहीत नाही.

२. जमीन म्हणजे नक्की काय काय, ते वहीत सुटं करा

आपण ‘जमीन’ म्हणतो तेव्हा एकाच दमात बऱ्याच गोष्टी बोलत असतो. वहीचं एक पान घ्या आणि एकाखाली एक लिहा: सातबाऱ्यावरचं नाव. कसणं. येणारं पीक किंवा पैसा. विकली तर मिळणारी रक्कम. विहीर, मोटार, वाट, घर. आणि शेवटी, शेतकरी असल्याचा पुरावा.

आता प्रत्येकासमोर लिहा की हे आज कोणाकडे आहे. आमच्या पानावर नाव वडिलांचं होतं, कसत होता चुलतभाऊ, पीक अर्धं त्याचं आणि अर्धं आईचं, मोटारीचं बिल मी भरत होतो. म्हणजे जमीन ‘ठेवलेली’ असतानाही ती एकाच्या हातात नव्हतीच. हे सगळे धागे एकाच माणसाकडे किंवा एकाच निर्णयात असायला हवेत असा कुठे नियम आहे?

३. प्रत्येकाला वेगळं भेटा आणि विचारा: “म्हणजे नक्की काय हवंय?”

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बैठकीत माणूस बाजू मांडतो, एकटा असला की गरज सांगतो. बैठक घ्यायचीच, पण या भेटीगाठी झाल्यावर.

ताईकडे गेलो तेव्हा ती कांद्याची पात निवडत बसली होती. बैठकीत सगळ्यात कडक तीच होती: एक गुंठाही विकायचा नाही. म्हटलं, “ताई, जमीन ठेवली तर तू कसणार आहेस का?” पातीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, “मी कुठली कसते रे? आणि पैसेही नकोत मला. उताऱ्यावर अण्णांच्या जागी तुम्हा दोघांच्या बरोबरीनं माझं नाव दिसू दे. बाकी तुम्ही काय करायचं ते करा.” तिचं ‘ठेवायची’ हे नावाबद्दल होतं. एकरांबद्दल नव्हतं.

दादाचं ‘विकायची’ त्याहून साधं निघालं. मुलीची कॉलेजची फी जूनमध्ये भरायची होती. त्याला लागत होती ती रक्कम अख्ख्या जमिनीच्या किमतीच्या पाव हिश्शातही भागत होती. पण बैठकीत मुलीच्या फीचं नाव काढणं त्याला कमीपणाचं वाटलं, म्हणून तो शेती कशी तोट्यात आहे यावर भाषण देत राहिला.

आणि आई? तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, मोटार चालू राहिली पाहिजे, आणि बांधावरचा आंबा कोणी तोडायचा नाही.

ही तीन उत्तरं एका पानावर लिहा आणि बघा, यातली कुठली दोन एकमेकांच्या आड येतात? एकही नाही. भांडण झालं होतं ते बाजूंचं.

विचारताना एक पथ्य: “तुझं मत काय?” असं विचारू नका, मत पाठ झालेलं असतं. “जमीन विकली तर दुसऱ्या दिवशी तुझं काय बदलेल?” आणि “नाही विकली तर कुठं अडेल?” हे दोन प्रश्न विचारा. उत्तराच्या मध्ये बोलू नका. माझ्यासारख्या बडबड्याला हे जड जातं, पण चहा हातात असला की जमतं.

४. जे उलटं फिरवता येत नाही त्याला लाल खूण करा

पर्याय मोजायच्या आधी त्यांची जात बघा. काही निर्णय पुढच्या हंगामात मोडता येतात. काही जन्माचे असतात. दोघांना सारखाच वेळ देणं हा वेडेपणा आहे.

लाल खुणेचे पर्याय हे:

सगळीच्या सगळी जमीन विकणं. कूळ कायद्यानुसार महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. शेवटचा तुकडा विकलात की पुढे पाच गुंठेही घेताना ‘शेतकरी आहात का’ हा प्रश्न आडवा येतो. परदेशात असणाऱ्यांनी तर दोनदा विचार करावा: अनिवासी भारतीयांना वारसानं आलेली शेतजमीन ठेवता येते आणि इथं राहणाऱ्या भारतीय नागरिकाला विकता येते, पण नव्यानं विकत घेता येत नाही.

नोंदणीकृत हक्कसोडपत्र. ‘सध्या माझ्या नावावर असू दे, नंतर बघू’ म्हणून केलेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही.

साठेखत (पुढे विकण्याचा करार) आणि इसार (त्यासाठी घेतलेली आगाऊ रक्कम). इसाराचे पैसे घेतले की अर्धा निर्णय झालेला असतो. ‘बोलणी तर करू’ म्हणत इथवर येऊ नका.

याउलट वाट्यानं देणं, एका हंगामासाठी पीक बदलणं, बांधबंदिस्ती, मोजणी, वारस नोंद यांत काही बिघडलं तर सुधारता येतं. अशा गोष्टींवर घरात फार काथ्याकूट नको. करून टाका.

५. निदान सहा पर्याय लिहिल्याशिवाय वही मिटू नका

पहिले दोन लगेच सुचतात, ते तर भांडणातलेच. तिसऱ्या-चौथ्याला वेळ लागतो. पाचव्या-सहाव्याला गावातल्या कोणाला तरी विचारावं लागतं, आणि कामाचं तेच निघतं. सुरुवात म्हणून हे घ्या:

वाट्यानं किंवा खंडानं देणं. आमच्याकडे अर्धेलीनं म्हणतात, कुठे बटईनं. वाट्यात पीक निम्मं-निम्मं आणि बी-खताचा खर्च ठरेल तसा. खंडात वर्षाची ठरलेली रक्कम, पाऊस पडो न पडो. लोक घाबरतात ते कुळाचं नाव लागेल म्हणून. भीती निराधार नाही, म्हणून लेखी करार वकिलाकडूनच करून घ्या आणि पीक नोंदीवर लक्ष ठेवा.

एक गट विकणं, दुसरा ठेवणं. फार साधं आहे, पण ‘विकायची की ठेवायची’ असं विचारलं की हे सुचतच नाही.

भावकीत विकणं. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ नुसार वारसांपैकी एकाला आपला हिस्सा विकायचा असेल तर बाकीच्या वारसांचा तो घेण्याचा अग्रहक्क आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू होतो असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं आहे. भावाचा हिस्सा बहिणीनं हप्त्यानं घेतला, अशी घरं मी पाहिली आहेत.

असमान वाटणी. कोणाला रोख जास्त, कोणाला जमीन जास्त. सगळ्यांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणी होते.

फळबाग. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं येतं. पण पुढच्या वर्षीच्या हप्त्यासाठी झाडं जगलेली लागतात. पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचं नाव वहीत लिहिता येत नसेल तर हा पर्याय खोडा.

सौर प्रकल्पाला भाड्यानं. जमीन महावितरणच्या उपकेंद्राजवळ असेल तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर आहे. माळरानाला हे बरं. मात्र करार कित्येक वर्षांचा असतो, म्हणून याला अर्धी लाल खूण.

प्रत्येक पर्यायासमोर दोनच रकाने: कोणाची गरज भागते, कोणाची राहते. गुण देऊन बेरजा करत बसू नका. मी तक्ता केला होता, दादानं त्यावर चहाचा कप ठेवला.

विकायच्या पर्यायासमोर कराची नोंद करा. मोठ्या शहरापासून किंवा नगरपालिकेपासून ठरावीक अंतराबाहेरची शेतजमीन (लोकसंख्येनुसार २, ६ किंवा ८ किलोमीटर) प्राप्तिकराच्या हिशेबात भांडवली मालमत्ता धरत नाहीत, म्हणजे ती विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. गावाशेजारी नगरपालिका वाढत चालली असेल तर सीएला आधी विचारा.

६. मधला मार्ग दिसतो, पण खड्डा असतो

दोन टोकांच्या मधलं काहीही चांगलंच, असा समज या प्रकरणात महागात पडतो. तीन खड्डे वारंवार दिसतात.

एक, गुंठ्यागुंठ्यानं विकणं. रस्त्याला लागून जमीन असली की कोणीतरी येऊन सांगतं, “थोडी विका, थोडी ठेवा, स्टॅम्पपेपरवर करून देतो.” तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. २०२३ च्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र (तुकड्याचा किमान आकार) जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं. त्याखालचा तुकडा नियमाबाहेर. शहरी भागांसाठी हे नियम अलीकडे सैल होत आहेत, म्हणून आपल्या गटाला काय लागू आहे ते तहसील कचेरीतच विचारा, एजंटाला नको.

दोन, कुलमुखत्यारपत्र. ‘विकत नाही, फक्त अधिकार देतोय’ हे ऐकायला मऊ वाटतं. विक्रीचा अधिकार दिलेलं मुखत्यारपत्र म्हणजे लाल खूणच.

तीन, आणि सगळ्यात मोठा: “सध्या राहू दे.” हा निर्णय टाळणं आहे, पण घरातल्या सगळ्यांना तो समजूतदारपणा वाटतो. तोवर उताऱ्यावर मयताचं नाव राहतं, एखादा वारस जातो, त्याची तीन मुलं वारस होतात, त्यातलं एक दुबईत. चार सह्यांचं काम चौदा सह्यांचं होतं. थांबायचंच असेल तर तारीख घालून थांबा: “वारस नोंद आणि मोजणी आत्ता, बाकीचं पुढच्या अक्षय्य तृतीयेला.” असं थांबणं चालतं.

आणि काही वेळा खरोखर दोनच रस्ते असतात. जमीन राष्ट्रीय महामार्गात जात असेल तर तिसरा मार्ग शोधत महिने घालवू नका. मोबदला बरोबर लागला का आणि हरकतीची मुदत कधी संपते, तिकडे बघा.

७. ठरलं ते लिहा, आणि दर हंगामाला राखा

आमचं असं ठरलं. आधी चौघांच्या नावानं वारस नोंद केली; ताईनं उतारा हातात घेऊन तिघांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. माळरान शेजारच्याच शेतकऱ्याला विकलं, कारण त्याच्या विहिरीचं पाणी तिथं जात होतं आणि आमच्या विहिरीचं जात नव्हतं. त्या पैशातला मोठा हिस्सा दादानं घेतला आणि मळ्यातला त्याचा हिस्सा तेवढा कमी केला. पण पूर्ण काढला नाही. त्याचं नाव मळ्याच्या सातबाऱ्यावर आहे, म्हणजे उद्या त्यालाही जमीन घेता येईल. मळा सामाईक, कसतो चुलतभाऊच, आता लेखी करारावर. अर्धं पीक आईचं. दादा अजून म्हणतो की माळाला भाव कमी आला, आणि त्याचं अगदीच खोटं नाही.

तुमचं ठरलं की एका पानावर साध्या मराठीत लिहा: काय विकलं, काय ठेवलं, कोण कसणार, खर्च कोणाचा, आईचं (किंवा वडिलांचं) काय, पुन्हा कधी बसायचं. सगळ्यांच्या सह्या घ्या. हे पान कायद्याचा कागद नाही, त्यासाठी नोंदणी वेगळी. पण दोन वर्षांनी “मी असं म्हटलंच नव्हतं” निघतं तेव्हा याच पानाचा उपयोग होतो.

याच वहीत आमचा पुढचा पेच उतरला, ‘आईला पुण्यात आणायचं की गावातच राहू द्यायचं’. तोही सुटा केला: औषधं कोण देणार, रात्री सोबत कोण, तिचं मन कुठं रमतं, दवाखाना किती लांब. पावसाळ्यात ती पुण्यात असते, कारण तेव्हा वाडीचा रस्ता बंद पडतो. सुगीला गावी. शेजारची काकू रात्री झोपायला येते, तिच्या मुलाच्या क्लासची फी आम्ही भरतो.

शेवटचं काम हंगामाचं. ई-पीक पाहणी ॲपवर खरीप, रब्बी आणि उन्हाळी पिकाची नोंद मुदतीत करा, खातेदार म्हणून तुमच्या नावानं. नोंद शेतात उभं राहून फोटोसकट करावी लागते, त्यामुळे पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांनी मुदत सुरू झाल्याच्या पहिल्याच शनिवार-रविवारी जावं. शेवटच्या आठवड्यात ॲप रडतखडत चालतं. जाताना फोन पूर्ण चार्ज करा आणि जमलं तर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन सोबत ठेवा. आमच्या मळ्यात विहिरीच्या काठावरच काय ती रेंज येते.